गाडीतल्या स्टिरिओवर व्हिडिओ अडखळतात, फाइली नीट कशा बदलून घ्याव्यात?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज मदत हवी म्हणून धागा काढतेय.

माझी आई ७६ वर्षांची, देवरुखला असते. दर दोन-तीन महिन्यांनी तिला तपासणीसाठी पुण्याला आणतो आणि परत नेऊन सोडतो. कराड, मलकापूर, आंबा घाट, साखरपा असा रस्ता. पाठीच्या दुखण्यामुळे तिला मागच्या सीटवर उशा लावून बसवावं लागतं, खिडकीतून वळून बघता येत नाही. मागच्या वर्षी सेकंडहँड गाडी घेतली, २०१३ चं मॉडेल. आधीच्या मालकांनी सात इंची डीव्हीडी स्टिरिओ बसवून घेतला होता आणि पुढच्या दोन्ही हेडरेस्टच्या मागे एकेक छोटा स्क्रीन. बघितल्या बघितल्या मनात आलं की आईसाठी हे किती छान!

बाबा गावच्या नमनात, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्यात, मृदंग वाजवायचे. २००६ च्या शिमग्यात कुणीतरी शूटिंग करून व्हीसीडी काढली होती. बाबा आता नाहीत. ती व्हीसीडी, भावाच्या लग्नाचा व्हिडिओ, भाच्याच्या मुंजीचं शूटिंग आणि नातवंडांचे मोबाइलवरचे व्हिडिओ, असं सगळं पेनड्राइव्हवर घातलं. आणि एकही धड चालेना.

व्हीसीडीमधली फाइल स्टिरिओच्या यादीत दिसतच नाही. लग्नाचा व्हिडिओ चालतो, पण वरात सुरू झाली की चित्र थांबत थांबत येतं आणि आवाज पुढे निघून जातो. मुंजीची फाइल ‘चालणार नाही’ असा निरोप देते. मोबाइलचे व्हिडिओ नुसते सोडून पुढे जातो.

घराजवळच्या एका दुकानात दिलं, ‘कन्व्हर्ट करून देतो’ म्हणाले, ३०० रुपये घेतले. घरी येऊन पाहिलं तर सगळ्या फाइलींचा आकार होता तेवढाच, फक्त नावाच्या शेवटी एव्हीआय लागलेलं. गाडीत पुन्हा तेच. वाईट पैशांचं वाटलं नाही, आईला ‘ह्या वेळी बाबांचं नमन दाखवते’ म्हणून सांगून बसले होते त्याचं वाटलं.

लॅपटॉप आहे, विंडोज १०. शिकायची तयारी आहे. कुणी सांगाल का?

रानपाखरू

सगळं एमपी४ करून टाका. एमपी४ कुठेही चालतं.

कंडेन्सर

सोनचाफा, आधी तीन गोष्टी सांगा. स्टिरिओचं माहितीपुस्तक असेल तर त्यात व्हिडिओबद्दल काय लिहिलंय. पेनड्राइव्ह किती जीबीचा आणि कुठल्या पद्धतीने फॉरमॅट केलाय. आणि मीडियाइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम उतरवून त्यात प्रत्येक फाइल उघडून जे दिसतं ते इथे लिहा. तोवर काहीही कन्व्हर्ट करू नका.

रानपाखरू, त्यांची मुंजीची फाइल एमपी४ असणार असा माझा अंदाज आहे. बघू.

सोनचाफा

काका, अंदाज बरोबर! पुस्तक मिळालं नाही, पण मॉडेल नंबर टाकल्यावर नेटवर त्याची पीडीएफ सापडली. त्यात डिव्हएक्स, एक्सव्हिड, एमपेग-१, एमपेग-२ लिहिलंय, जास्तीत जास्त ७२० × ५७६. पेनड्राइव्ह ३२ जीबी, एफएटी३२. रस्त्यावरच्या स्टॉलवरून घेतलाय.

मीडियाइन्फो सांगतो ते असं. नमन: एमपेग-१, ३५२ × २८८, २५ फ्रेम. लग्न (भावाने डीव्हीडीवरून ‘हायेस्ट क्वालिटी’ निवडून केलेली): एव्हीआय, एक्सव्हिड, ७२० × ५७६, साधारण ८००० केबीपीएस, इंटरलेस्ड, क्यूपेल ‘येस’, पॅक्ड बिटस्ट्रीम, आवाज एमपी३ व्हेरिएबल. मुंज: एमपी४, एव्हीसी, १९२० × १०८०, ५० फ्रेम, २५ एमबीपीएस, वीस-वीस मिनिटांचे तुकडे, प्रत्येकी पावणेचार जीबी. मोबाइल: एचईव्हीसी, ३८४० × २१६०, काही उभे काही आडवे.

यातलं मला निम्मंही कळलेलं नाही.

कंडेन्सर

आता सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी विचारतं. सांगलीत बरीच वर्षं टीव्ही, डीव्हीडी प्लेयर आणि गाड्यांचे स्टिरिओ दुरुस्त करतोय.

एव्हीआय, एमपी४, एमकेव्ही ही डब्यांची नावं आहेत. आत चित्र कुठल्या पद्धतीने दाबून भरलंय ते वेगळं, त्याला कोडेक म्हणतात. दुकानवाल्याने मिठाच्या डब्यावर ‘साखर’ अशी चिठ्ठी चिकटवून दिली. डबा बदलून आतला जिन्नस बदलत नाही. स्टिरिओ यादी करताना चिठ्ठी बघतो, चालवायला घेतो तेव्हा आतलं बघतो. म्हणून काही फाइली दिसतात पण चालत नाहीत, आणि तुमच्या नमनासारखी एखादी चालली असती पण व्हीसीडीवरच्या फाइलीला असते ती ‘डॅट’ ही चिठ्ठी ओळखीची नाही म्हणून यादीतच येत नाही.

तुमच्या स्टिरिओत मुळात डीव्हीडी प्लेयरची चिप आहे. ती एमपेग-१ आणि एमपेग-२ उलगडते, शिवाय डिव्हएक्स-एक्सव्हिड, म्हणजे एमपेग-४ चा जुना भाग. एव्हीसी, ज्याला एच२६४ म्हणतात, ते २००३ चं. एचईव्हीसी म्हणजे एच२६५, ते २०१३ चं. चिपमध्ये हे उलगडण्याची सोयच कोरलेली नाही. ती मागाहून सॉफ्टवेअरने घालता येत नाही, कारण तेवढी ताकद तिच्यात नाही.

ताकदीचा हिशेब बघा. ७२० × ५७६ म्हणजे ४,१४,७२० ठिपके. मुंजीची १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६००, बरोबर पाचपट. वर सेकंदाला २५ ऐवजी ५० फ्रेम, म्हणजे दहापट काम. मोबाइलची ३८४० × २१६० तर एका फ्रेमलाच वीसपट. आणि दाखवायचं कशावर? सात इंची काचेवर, जिचे स्वतःचे ठिपके बहुधा ८०० × ४८० असतात. फाइल लहान केली म्हणून गाडीत काहीही कमी दिसणार नाही.

लग्नाची फाइल मात्र योग्य कोडेकची आहे, तरी अडखळते. ह्यात शिकण्यासारखं जास्त आहे. वरातीतच का अडखळते? तिथे नाच, दिवे, गर्दी, सगळं हलतंय. हालचाल वाढली की दर सेकंदाचा डेटा वाढतो. सरासरी ८००० असेल तर वरातीत तो कितीतरी वर उसळत असणार. तेवढ्याला चिपही पुरत नाही आणि जुन्या काही स्टिरिओंचं यूएसबीही पुरत नाही. ते ‘फुल स्पीड’ जातीचं असतं, म्हणजे कागदावरच १२ मेगाबिट, प्रत्यक्षात त्याहून कमी. दुसरं, क्यूपेल. चित्रातली हालचाल पाव ठिपक्यापर्यंत बारकाईने मोजायची ही एक्सव्हिडची जादा सोय. कॉम्प्युटरला फरक पडत नाही, ह्या चिपांची मात्र त्यात दमछाक होते. जीएमसी म्हणून तशीच दुसरी सोय आहे, तीही बंद हवी. तिसरं, एव्हीआयमध्ये व्हेरिएबल एमपी३ असला की पुष्कळ प्लेयरांचा आवाज हळूहळू सरकत जातो. तुमचा सरकतोय.

म्हणजे एकाच फाइलमध्ये तीन दुखणी. म्हणून ‘कन्व्हर्ट करा’ एवढ्या सल्ल्याने भागत नाही. आत बघा, मग हात लावा.

कृती उद्या लिहितो, आता जेवायला बोलावलंय.

ओसरी

कंडेन्सरकाका, आठ वर्षं गाडी चालवतेय आणि आज पहिल्यांदा कळलं की डबा वेगळा आणि जिन्नस वेगळा. वाचनखूण साठवली.

घाटवळण

एक सुचवू का? हा स्टिरिओ काढून अँड्रॉइड युनिट बसवा. माझ्याकडे नऊ इंची आहे, त्यात व्हीएलसी प्लेयर टाकलाय, एच२६४ च्या १०८० च्या फाइली पाण्यासारख्या चालतात. एवढा खटाटोप कशाला?

सोनचाफा

घाटवळण, विचार केला होता. पण मागचे दोन स्क्रीन जुन्या पिवळ्या पिनेच्या वायरने जोडलेत आणि गाडीच्या आतलं सगळं पुन्हा उघडायचं म्हणजे आईच्या पुढच्या फेरीआधी होणार नाही. आहे त्यात जमवायचंय.

कंडेन्सर

बरोबर. चालू असलेली वस्तू का काढायची?

आता कृती. हँडब्रेक नावाचा प्रोग्रॅम सगळे सुचवतात आणि तो उत्तमच आहे, पण त्यातून एव्हीआय निघत नाही. एव्हीआय आणि एक्सव्हिड त्यांनी २००९ मध्येच काढून टाकलं. तुमच्यासाठी एव्हिडेमक्स घ्या. फुकट आहे, कुठल्याही साध्या लॅपटॉपवर चालतं.

फाइल उघडली की डाव्या बाजूला तीन खाने दिसतील. वर व्हिडिओ, तिथे ‘एमपेग४ एएसपी (एक्सव्हिड)’ निवडा. मध्ये ऑडिओ, तिथे ‘एमपी३ (लेम)’. खाली डब्याचा प्रकार, तिथे ‘एव्हीआय मक्सर’. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये दोन फेऱ्यांची पद्धत घ्या, सरासरी बिटरेट, म्हणजे दर सेकंदाचा डेटा, १५०० ठेवा, क्वार्टर पिक्सेल आणि जीएमसी बंद. बी-फ्रेम (मागच्या-पुढच्या फ्रेमवरून बेतलेली फ्रेम) जास्तीत जास्त एक, आणि एकानेही कुरकुर केली तर शून्य. ऑडिओत कॉन्स्टंट १२८.

मग फिल्टर. आकार लहान करायचा तो ‘रिसाइझ’ने. रुंद चित्रासाठी ७२० × ४०० घ्या. ४०० का? १६:९ च्या हिशेबाने ४०५ येतात, पण हे कोडेक चित्राचे १६ × १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतं. ४०० ला १६ ने पूर्ण भाग जातो. फरक डोळ्याला कळत नाही. मुंजीच्या ५० फ्रेमच्या २५ करा, म्हणजे एकाआड एक फ्रेम जाते आणि हालचाल एकसारखी राहते. ५० च्या ३० करायला जाऊ नका. ३० ने ५० ला भाग जात नाही, मग चालणारा माणूस ठेचकाळल्यासारखा दिसतो. कितीतरी जण इथे चुकतात आणि दोष स्टिरिओला देतात.

लग्नाची फाइल इंटरलेस्ड आहे, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची बनलेली. लॅपटॉपवर थांबवून बघा, हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतील. आकार बदलण्याच्या आधी ‘याडिफ’ फिल्टर लावा. आधी, हे महत्त्वाचं. दाते असताना आकार बदलला तर ते चित्रात कायमचे मुरतात. शक्यतो भावाची फाइल घेऊच नका, मूळ डीव्हीडी असेल तर तिच्यावरून करा. एकदा दाबलेलं पुन्हा दाबलं की चित्राचा चोथा होतो.

आकाराचा अंदाज: १५०० अधिक १२८ म्हणजे १६२८ किलोबिट सेकंदाला. वीस मिनिटांचे १२०० सेकंद. गुणून आठाने भागलं की सुमारे २४४ एमबी. तुमच्या पावणेचार जीबीच्या तुकड्याचे पाव जीबीही होत नाहीत.

आणि नमन. त्याला कन्व्हर्ट करू नका! ते आधीच एमपेग-१ आहे, तुमची चिप ते जन्मापासून उलगडते. ३५२ × २८८ चं चित्र, सेकंदाला ११५० किलोबिट. त्यातून आणखी काही गमावण्याची ऐपत त्या चित्रात नाही. फक्त ‘डॅट’चं वेष्टण काढायचं. व्हीसीडीगिअर नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, तो डॅटमधून एमपीजी काढून देतो. नुसतं नाव बदलून कधी कधी चालतं, कधी नाही, कारण विंडोज डॅट कॉपी करताना डिस्कचे कच्चे खंड जसेच्या तसे उचलतं, त्यात चित्राखेरीज इतर बारदानही असतं.

सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात आधी करायचं: पूर्ण फाइल करू नका. वरातीतला सगळ्यात धांदलीचा ३० सेकंदांचा तुकडा कापा, वेगवेगळ्या सेटिंगने चार-पाच नमुने करा, गाडीत जाऊन बघा. शांत सीनवर चाचणी घेऊन उपयोग नाही.

निळी_छत्री

काकांच्या यादीत एक भर. व्हीसीडी लवकर कॉपी करून घ्या, एकदा नाही, दोन-तीन ठिकाणी. डेटा सीडीवर चुका सुधारण्यासाठी जादा माहिती असते, व्हीसीडीच्या चित्राच्या भागात ती जागाही चित्रालाच दिलेली असते. म्हणून ओरखडा आला की थेट चौकोन उडतात. माझ्या आजोळच्या काकड आरतीच्या सीडीची शेवटची दहा मिनिटं अशीच गेली. डिस्क कॉपी होत नसेल तर आयसोबस्टर ह्या प्रोग्रॅमने प्रयत्न करा, आणि दुसरा ड्राइव्ह मिळाला तर त्यातही. एका ड्राइव्हला न वाचता आलेलं दुसऱ्याला कधी कधी वाचता येतं.

सोनचाफा

निळी_छत्री, तुमचं वाचून रात्रीच बसले. लॅपटॉपच्या बाहेरच्या ड्राइव्हमध्ये ३८ व्या मिनिटाला अडकलं. शेजारच्यांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये पूर्ण निघालं. दोन ठिकाणी ठेवलंय, तिसरी प्रत भावाला पाठवली. मनापासून आभार.

व्हीसीडीगिअरने एमपीजी झाली, गाडीत घातली आणि पहिल्या फटक्यात चालली. मी पार्किंगमध्ये एकटीच बसून अर्धा तास बघितलं.

लग्नाचं मात्र जमलं नाही. एव्हिडेमक्स थोडं अवघड वाटलं म्हणून दुसरा एक सोपा कन्व्हर्टर वापरला, सेटिंग तुम्ही सांगितली तीच. स्टिरिओ आता ‘कोडेक नाही’ म्हणतो. आधी निदान चालत तरी होतं!

कंडेन्सर

मीडियाइन्फोत ‘कोडेक आयडी’ समोर काय दिसतं?

सोनचाफा

एफएमपी४.

कंडेन्सर

सापडलं. एव्हीआयमध्ये चार अक्षरांची एक खूण असते, आतलं कोडेक कुठलं ते सांगणारी. बरेच सोपे कन्व्हर्टर आतून एफएफएमपेग नावाचा तयार प्रोग्रॅम वापरतात आणि त्याचं स्वतःचं एमपेग-४ एन्कोडर ‘एफएमपी४’ अशी खूण टाकतं. जिन्नस तोच, चालण्यासारखा, पण तुमच्या स्टिरिओला ‘एक्सव्हीआयडी’ किंवा ‘डीएक्स५०’ एवढीच नावं ठाऊक आहेत. ही खूण, म्हणजे फोरसीसी, बदलणारी छोटी अवजारं मिळतात, सेकंदाचं काम आहे. पण मी म्हणेन एव्हिडेमक्सनेच पुन्हा करा. ते एक्सव्हिडचं मूळ एन्कोडर वापरतं, खूण आपोआप बरोबर पडते.

परदेसी_पाखरू

दुबईतून लिहितोय. माझं युनिट अँड्रॉइड आहे, तरी दोन गोष्टी कामाच्या वाटल्या म्हणून.

एक, घाटवळण म्हणतात तसं अँड्रॉइडवर सगळं आपोआप चालतंच असं नाही. माझ्याकडे एच२६५ च्या काही फाइली लोण्यासारख्या चालतात आणि काही हिसके देतात. फरक निघाला ८ बिट आणि १० बिटचा, म्हणजे रंगछटा किती बारकाईने साठवल्यात त्याचा. १० बिट उलगडायची सोय चिपमध्ये नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो. हँडब्रेकमधून एच२६४, ८ बिट, मेन प्रोफाइल, लेव्हल ३.१, १२८० × ७२०, फ्रेमरेट ‘कॉन्स्टंट’ असं केलं की प्रश्न मिटतो. लेव्हल ३.१ मध्ये ७२० चं चित्र ३० फ्रेमपर्यंत बसतं. कॉन्स्टंट विसरू नका. मोबाइलचे कॅमेरे उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमी-जास्त करतात, ओठ आणि आवाज जुळत नाहीत ते बरेचदा त्यामुळे.

दोन, मॅकवरून पेनड्राइव्ह भरत असाल तर प्रत्येक फाइलच्या जोडीला टिंबाने सुरू होणारी एक लपलेली फाइल तयार होते. मॅकवर ती दिसत नाही, गाडीत दिसते आणि ‘खराब फाइल’ म्हणून निरोप येतो. मी महिनाभर चांगल्या फाइली पुन्हा पुन्हा कन्व्हर्ट करत होतो. त्या लपलेल्या काढून टाकल्या की झालं.

ओसरी

मोबाइलच्या उभ्या व्हिडिओंचं काय होतं? माझ्याकडे ते स्टिरिओवर आडवे झोपलेले दिसतात.

निळी_छत्री

फोन चित्र आडवंच साठवतो आणि सोबत ‘९० अंशात फिरवून दाखवा’ अशी टीप जोडतो. गाडीतले प्लेयर ही टीप वाचत नाहीत. हँडब्रेक कन्व्हर्ट करताना चित्र खरंच फिरवून देतो. एव्हिडेमक्समध्ये फिरलेलं दिसलं नाही तर ‘रोटेट’ फिल्टर हाताने लावायचा. पुढच्यासाठी: नातवंडांचं शूटिंग आडवा फोन धरून करा. आणि आयफोन असेल तर सेटिंग, कॅमेरा, फॉरमॅट्स मध्ये ‘मोस्ट कॉम्पॅटिबल’ ठेवलंत की एचईव्हीसीऐवजी एच२६४ मिळतं. सोनचाफांच्या स्टिरिओला तेही बदलावंच लागेल, पण बाकी बऱ्याच जणांचं काम तिथेच होईल.

सोनचाफा

लग्नाचा निकाल: वरातीच्या तुकड्याचे पाच नमुने केले. भावाकडून मूळ डीव्हीडी मागवून घेतली. २५०० बिटरेटचा अडखळला, २००० चा एकदाच थबकला, १५०० चा बी-फ्रेम एक ठेवून चालला, १५०० बी-फ्रेम शून्य तोही चालला. पाचवा मी याडिफ न लावता केला होता, तो चालला पण वहिनीच्या शालूची जर नुसती लवलवत होती. चौथ्या सेटिंगने पूर्ण केली. अडीच तासांची फाइल १.८ जीबी झाली, लॅपटॉपला दोन्ही फेऱ्या धरून जवळजवळ तीन तास लागले. आवाज शेवटपर्यंत ओठांवर!

पण आता नवीनच. पेनड्राइव्हवर सगळं भरलं, मुंज, बारसं, गॅदरिंग. पहिल्या अकरा फाइली सुंदर चालतात, बारावीपासून सगळ्या अडकतात. त्याच फाइली एकेकट्या जुन्या ४ जीबीच्या पेनड्राइव्हवर घातल्या तर चालतात. सेटिंग सगळ्यांची एकच.

कंडेन्सर

तुम्ही सुरुवातीलाच ‘रस्त्यावरच्या स्टॉलवरून’ लिहिलं होतंत, तेव्हाच मी विचारायला हवं होतं. एच२टेस्टडब्ल्यू नावाचा प्रोग्रॅम चालवा. तो पेनड्राइव्ह पूर्ण भरतो आणि लिहिलेलं परत वाचून बघतो. वेळ लागेल, लागू दे.

सोनचाफा

चालवला. ३२ जीबी लिहिलेल्या पेनड्राइव्हवर जेमतेम ७ जीबी खरे निघाले. बाकीचं लिहिलेलं सगळं गायब.

म्हणजे मी दोन संध्याकाळी त्या फाइलींच्या सेटिंगमध्ये चूक शोधत बसले होते आणि चूक तिथे नव्हतीच. नवा पेनड्राइव्ह चांगल्या दुकानातून पावतीसकट आणला, आधी हाच प्रोग्रॅम चालवला, मग भरला. सगळ्या फाइली चालतात.

घाटवळण

हे वाचून माझाही तपासला. ठीक निघाला, पण धडधडत होतं खरं.

पेनड्राइव्हबद्दल अजून एक. ६४ जीबी किंवा मोठा घेतला तर तो एक्सएफएटीने फॉरमॅट केलेला येतो आणि जुने स्टिरिओ तो वाचतच नाहीत. विंडोज १० ची नेहमीची खिडकी ३२ जीबीच्या वर एफएटी३२ चा पर्याय देत नाही, रुफससारखं अवजार लागतं. आणि एफएटी३२ वर एक फाइल ४ जीबीच्या आतच हवी.

ओसरी

फाइलींचा क्रम कसा लावलात? माझ्याकडे नावाला आकडे देऊनही उलटसुलट लागतात.

निळी_छत्री

बरेच स्टिरिओ नाव बघत नाहीत, पेनड्राइव्हवर आधी काय लिहिलं गेलं ते बघतात. पेनड्राइव्ह रिकामा करून एकेक फाइल हव्या त्या क्रमाने कॉपी करा. नावं इंग्रजी अक्षरांत, छोटी. देवनागरी नावांचे चौकोन दिसतात. उपशीर्षकांचंही तेच, मराठी हवी असतील तर कन्व्हर्ट करतानाच चित्रावर छापून घ्यायची.

माळरान

धागा फार छान चाललाय. मला दोन गोष्टी मनापासून सांगायच्यात, राग मानू नका.

सोनचाफाताई, पुढचा स्क्रीन चालत्या गाडीत बंद ठेवा. तुमच्या स्टिरिओला गाडीच्या हँडब्रेकची एक वायर असणार. हँडब्रेक ओढलेला नसेल तर पुढे व्हिडिओ दिसू नये, ह्यासाठी ती असते. बसवणारे कितीतरी जण ती सरळ अर्थिंगला जोडून देतात आणि ‘चालत्या गाडीत पण दिसेल’ म्हणून ते कौतुकाने सांगतात. ती नीट जोडून घ्या. अनेक युनिटांत तेव्हा फक्त पुढचं चित्र जातं, मागच्या स्क्रीनचं चालू राहतं, म्हणजे आईचं काही अडणार नाही. माझ्या मावसभावाने पाटसजवळ नुसतं एक नजर स्क्रीनकडे टाकली होती. वाचला, पण पाय अजून वाकत नाही.

दुसरं, आंबा घाटात मागचंही बंद करा. वळणांवर डोळे एका जागी खिळवून ठेवले की गाडी लागू शकते.

सोनचाफा

माळरानदादा, राग कसला. उद्याच वायर बघून घेते. ती वायर अर्थिंगलाच असणार, कारण आत्ता पुढे दिसतंय.

सोनचाफा

(दोन आठवड्यांनी)

वायर नीट जोडून घेतली, पुढे फक्त पाटी दिसते, मागे चित्र चालू राहतं. परवा आईला आणायला गेलो.

साखरप्यापर्यंत काही लावलं नाही. घाट सावकाश चढलो, मलकापूरला चहा घेतला आणि मग नमन लावलं. ती उशांना टेकून बसली होती. गणपती आला तेव्हा हात जोडले. बाबांचा मृदंग सुरू झाला तशी पुढे सरकली. फ्रेममध्ये बाबा अर्धेच दिसतात, शूटिंग करणाऱ्याचं लक्ष सोंगांवर, पण मधे एकदा कॅमेरा वळतो आणि बाबांचे दोन्ही हात दिसतात. आई म्हणाली, “वाईच मागं घे गो, हात बघू दे त्यांचे.”

मागे घेता येईना. बटण दाबलं की फाइल थेट सुरुवातीला जाते. तिथून तिथवर यायला पाऊण तास. ती म्हणाली राहू दे, पण मला ते राहू द्यायचं नाही. काका, काही करता येईल का?

कंडेन्सर

ताई, येईल.

एमपीजी फाइलमध्ये अनुक्रमणिका नसते. एव्हीआयच्या शेवटी असते, त्यामुळे प्लेयरला कुठल्या सेकंदाला कुठे उडी मारायची ते कळतं. मी एक्सव्हिड करू नका म्हणालो होतो आणि अजूनही म्हणतो, त्या चित्राला पुन्हा दाबायला नको. त्याऐवजी तुकडे करा. एव्हिडेमक्समध्ये व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्हीकडे ‘कॉपी’ ठेवा, डबा ‘एमपेग-पीएस’. सुरुवातीला ‘ए’ खूण, शेवटी ‘बी’ खूण, सेव्ह. काहीही नव्याने दाबलं जात नाही, चित्र मूळचं राहतं. कापायची जागा पूर्ण फ्रेमवरच पडते, पण व्हीसीडीत अशी फ्रेम अर्ध्या-पाऊण सेकंदाला येतेच. गण, गवळण, सोंगं असे भाग करा, आणि बाबांचा मृदंग वेगळा.

बाकीच्या एव्हीआय फाइली पुढे कधी नव्याने केल्यात तर की-फ्रेमचं, म्हणजे अशा पूर्ण फ्रेमचं, अंतर जास्तीत जास्त ५० ठेवा, म्हणजे दोन सेकंदांना एक. मागे-पुढे करणं हलकं होतं.

सोनचाफा

केलं. नमनाच्या सात फाइली झाल्या. मृदंगाची सहा मिनिटं चाळीस सेकंदांची, ती सगळ्यात आधी कॉपी केली, म्हणजे यादीत पहिली येते. स्टिरिओवर ‘रिपीट’चं बटण आहे, ते दाबलं की तीच पुन्हा लागते. हात दिसतात तो भाग चौथ्या मिनिटाला आहे.

रविवारी सकाळी सहाला आईला सोडायला निघतोय.